नदी कोणत्या खात्याची?

लोकप्रशासनात पीएच.डी., आणि तीही पर्यावरणाच्या कारभारावर, असं सांगितलं की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत दोन प्रश्न ठरलेले असतात. "म्हणजे यूपीएससीची तयारी का गं?" हा पहिला. "आणि मग नोकरी कुठे?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' एवढंच आहे. दुसऱ्याला वेळ लागतो. गेल्या वर्षभरात रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या एम.ए. करणाऱ्या काही मुलामुलींनी मला हेच विचारलं. त्यांतल्या एकदोघांना खरोखरच हा रस्ता धरायचा आहे. त्यांच्यासाठी, आणि काळजीत पडलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठीही, मी यातून कशी गेले ते लिहिते आहे.

माझं एम.ए. राज्यशास्त्रात झालं. लोकप्रशासन हा त्यातला एक पेपर. आपल्याकडे हा विषय पाठांतराचा समजतात आणि बहुतेक ठिकाणी शिकवतातही तसाच. १८८७ मध्ये वुड्रो विल्सन यांनी प्रशासनाचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा असं मांडलं, मग वेबरची नोकरशाही, टेलर, ग्युलिक, सायमन. नोट्स तयार, प्रश्नही ठरलेले. त्याच वर्षांत घराबाहेर मात्र शहर बदलत होतं. चौकाचौकातल्या ओसंडून वाहणाऱ्या कचरापेट्या उचलल्या गेल्या, दारोदार गाड्या फिरायला लागल्या. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं. २०१७ मध्ये पहिलं आलं आणि मग पहिलंच येत राहिलं. लोक म्हणायचे, इंदूरकर जागे झाले. वर्तमानपत्रं म्हणायची, अधिकारी चांगले मिळाले. दोन्हींत तथ्य होतं, पण माझं समाधान होत नव्हतं. माणसं तर तीच होती, जी आदल्या वर्षापर्यंत कोपऱ्यावर पिशवी टाकून जात होती. अधिकारी बदलून गेले तरी गाडी सकाळी येतच राहिली. मग टिकून राहिलं ते नेमकं काय? हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हता, आणि तरी तो शंभर टक्के लोकप्रशासनाचाच प्रश्न होता.

नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मी लोकप्रशासनातून दिली. त्याचा विषय क्रमांक १४. फॉर्म भरताना अनेकजण सवयीने राज्यशास्त्राचा ०२ भरतात, म्हणून मुद्दाम सांगते. जेआरएफ (कनिष्ठ संशोधनवृत्ती) मिळाली, त्यामुळे क्षेत्रकाम करणं परवडलं. तेव्हा ती महिना ३१,००० रुपये होती, २०२३ पासून ३७,००० झाली. पैसे दर महिन्याला खात्यात येतात असं मात्र समजू नका. मधले काही महिने कोरडे जातात आणि मग एकदम थकबाकी येते. घरचा आधार नसलेल्या विद्यार्थ्याचं या अनियमितपणात फार नुकसान होतं, आणि ज्यांच्या हातात हे आहे त्यांना त्याची कल्पना असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

माझे मार्गदर्शक भोपाळकडचे, हिंदीभाषिक. मी विषय सांगितला तेव्हा त्यांनी शीर्षकाची चर्चाच केली नाही. म्हणाले, "पहले कचरा गाड़ी के साथ घूमो. शीर्षक बाद में लिखना."

तर गाडीबरोबर फिरणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या कामाची मांडणी तिथून निघाली. उजाडायच्या आत हजेरीच्या जागी पोचायचं. तिथे दरोगा असतो. पोलिसातला नव्हे, इंदुरात सफाईच्या कामावर देखरेख करणाऱ्या सगळ्यात खालच्या माणसाला दरोगा म्हणतात. कोण आलं, कोण नाही, कोणाच्या जागी कोण जाणार, हे तो उभ्याउभ्या ठरवतो. मग गाडी निघते. चालवणारा एक आणि मागे उभं राहून कचरा घेणारी एक. मागे ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, सॅनिटरी आणि घातक कचऱ्याला वेगळे डबे. मी जिच्याबरोबर उभी राहायचे त्या बाईंना पिशवी हातात घेताच कळायचं. गाठ सोडायच्या आधीच म्हणायच्या, "दीदी, इसमें मिला हुआ है." पिशवी परत जायची. एका गल्लीत एक म्हातारे आजोबा एकटे राहायचे, त्यांना जिना उतरायला वेळ लागायचा. त्या दारापाशी गाडी थांबायची, रूट चार्टमध्ये त्या थांब्यासाठी वेगळा वेळ नसतानाही. पुढच्याच गल्लीत दारात मोटार उभी असलेल्या घराला मात्र दुसऱ्यांदा मिसळलेला कचरा दिल्यावर माफी नव्हती; दरोग्याला फोन, आणि दरोगा दारात. कुठे थांबायचं, कुठे अडायचं, हा निर्णय त्या बाईंचा. १९८० मध्ये मायकल लिप्स्की यांनी मांडलं होतं की धोरण शेवटी ठरतं ते लोकांशी थेट गाठ पडणाऱ्या खालच्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या निर्णयांतून. मी ते परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आता ते रोज सकाळी डोळ्यांसमोर घडत होतं.

गाडी भरली की ट्रान्सफर स्टेशन. तिथे काटा. वजनाची चिठ्ठी. तिथून ओला कचरा देवगुराडियाला जातो, जिथे २०२२ च्या फेब्रुवारीपासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प चालू आहे. त्या प्रकल्पाला मिसळलेला माल चालत नाही. म्हणजे गल्लीत कोणी दुर्लक्ष केलं तर ते ट्रान्सफर स्टेशनवर दिसतं, तिथे सुटलं तर प्रकल्पावर दिसतं. गाडी एखाद्या गल्लीत शिरलीच नाही तर जीपीएसवर कळतं आणि कोणीतरी विचारतं. संध्याकाळी सरांच्या सांगण्यावरून मी एक तक्ता करायचे. डाव्या रकान्यात कामाचा टप्पा, मग करणारा, मग नोंद कुठे होते, मग पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येतो, आणि शेवटच्या रकान्यात: चुकलं तर फोन कुणाला? कचऱ्याच्या बाबतीत हा शेवटचा रकाना पूर्ण भरला. प्रत्येक ओळीत एक माणूस होता. शहराच्या स्वच्छतेचं जे टिकून राहिलं होतं, ते मला या रकान्यात सापडलं.

मग सरांनी सांगितलं, हाच तक्ता कान्ह नदीचा करा.

कान्ह आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातली. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या तिच्याच काठावर. शहराच्या दक्षिणेकडून येते, वाटेत सरस्वती तिला मिळते, मग शहर ओलांडून उत्तरेला सांवेरच्या बाजूने जाते आणि उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला शिप्रेत मिसळते. शिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणून गंगा स्वच्छ करण्याच्या 'नमामि गंगे' या केंद्रीय योजनेचं लक्ष इंदूरपर्यंत पोचतं. आता कारभार बघा. घरांचं सांडपाणी महानगरपालिकेचं. कबीटखेडीचं २४५ एमएलडीचं, म्हणजे रोज २४५ दशलक्ष लिटरचं, शुद्धीकरण केंद्रही पालिकेचं. काठाची जमीन महसूल खात्याच्या नोंदीत. काठावर काय बांधता येईल ते नगर तथा ग्राम निवेश, म्हणजे नगररचना खातं, ठरवणार. प्रवाह आणि बंधारे जलसंसाधन विभागाचे. पाण्याची तपासणी आणि सांवेर रोडच्या कारखान्यांवरची देखरेख १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची. काठ सुशोभित करायचं काम स्मार्ट सिटीची कंपनी बघणार. आणि नदी जिल्ह्याची हद्द ओलांडली की उज्जैनचं प्रशासन, कारण तिथे सिंहस्थ. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी स्नानाच्या घाटांना वळसा घालून पुढे सोडायला मोठी पाइपलाइन टाकली. २०२८ च्या सिंहस्थासाठी आता बंद नलिका आणि बोगद्याचं काम हाती घेतलं आहे. पाणी एका जिल्ह्यात खराब होतं, त्रास दुसऱ्या जिल्ह्यात, उपाय तिसऱ्या खात्याकडे, आणि उपाय काय तर ते पाणी दुसरीकडून न्यायचं. माझ्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात एकेका ओळीसमोर तीन-तीन, चार-चार नावं यायला लागली. जिथे चार नावं असतात तिथे फोन कोणालाच जात नाही.

एकच शहर, एकच महानगरपालिका, तीच वर्षं. कचऱ्याचा प्रश्न सुटत गेला आणि नदीचा अडकत राहिला. प्रबंध इथे होता. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात घनकचऱ्याचं व्यवस्थापन शहरी संस्थांकडे स्पष्टपणे दिलेलं आहे. पर्यावरणाचं रक्षणही त्याच यादीत आहे. पण यादीत नाव असणं आणि त्या कामाचा माणूस, पैसा, अधिकार एका जागी असणं, यातलं अंतर मला दाखवायचं होतं.

त्यासाठी फायली वाचाव्या लागल्या. मुलाखतींत अधिकारी खोटं बोलतात असं मुळीच नाही. उलट अनेकांनी मला फार मोकळेपणाने वेळ दिला. पण माणूस आठवणीतून बोलतो आणि फाइल तारखेतून. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हा या क्षेत्रातल्या संशोधकाचा खरा आधार आहे. दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत, नाही मिळालं तर पहिलं अपील. सगळ्यांना माहीत असतं ते प्रती मागण्याचं. कायदा फाइल प्रत्यक्ष समोर बसून बघण्याचाही अधिकार देतो, आणि संशोधनाला ते जास्त उपयोगी आहे.

माझा एक अर्ज एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवला, माहिती त्यांच्याशी संबंधित आहे म्हणून. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्याने पहिल्याकडे. घरी आई चिडली, "अगं, यांच्या मागे किती फिरणार?" सरांनी मात्र ती सगळी हस्तांतरणाची पत्रं मागवून घेतली आणि सांगितलं की हीच तुझी सामग्री. खरंच होती. कोणतं खातं कोणत्या खात्याला जबाबदार समजतं, याचा लेखी पुरावा एरवी मिळाला नसता. त्या पत्रांवरून काढलेली आकृती माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे, आणि बहिःस्थ परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न तिच्यावरच विचारले.

एक फाइल अजून डोळ्यांसमोर आहे. नदीत सांडपाणी सोडणारं एक तोंड बंद करून ते मुख्य वाहिनीला जोडायचं होतं. मधला थोडासा तुकडा दुसऱ्या खात्याच्या जमिनीतून जात होता. डाव्या बाजूला हिरव्या कागदाची नोटशीट, उजवीकडे पत्रव्यवहार. कनिष्ठ अभियंत्याचं टिपण नेमकं: कुठे, किती व्यास, किती खोल, परवानगी का लागते. नकाशा हाताने काढलेला, झाडंसुद्धा दाखवलेली. मग परवानगीचं पत्र. मग स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन. मग वरिष्ठांचं अर्धशासकीय पत्र. मग हस्ताक्षर बदलतं, म्हणजे बदली झाली, आणि नवीन अधिकारी लिहितात की प्रकरण पूर्ण माहितीसह पुन्हा सादर करावं. तो अभियंता पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहितो, तितक्याच व्यवस्थित. त्या फायलीत कामचुकार म्हणावा असा एकही माणूस मला दिसला नाही. प्रत्येकाने आपला कागद पुढे सरकवला होता. सांडपाणी तेवढं नदीतच पडत राहिलं होतं.

अमेरिकेतल्या ओकलंड शहरातली एक केंद्रीय योजना का अडकली याचा अभ्यास प्रेसमन आणि विल्डाव्स्की यांनी १९७३ मध्ये छापला. त्यांचा मुद्दा असा की विरोध कोणाचाच नसला तरी संमतीची ठिकाणं वाढली की काम होण्याची शक्यता झपाट्याने उतरते. गणित सोपं आहे. दहा टेबलांवर होकार हवा, प्रत्येक ठिकाणी होकाराची शक्यता ९० टक्के धरा. दहाही होकार मिळण्याची शक्यता सुमारे ३५ टक्केच उरते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा समजलं होतं. ती हिरवी नोटशीट बघितल्यावर पटलं.

२०१८ मध्ये पर्यावरणाची प्रकरणं चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित अधिकरणाने एका वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेऊन देशभरातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांचं प्रकरण सुरू केलं. प्रत्येक राज्याला नदी पुनरुज्जीवन समिती नेमायला सांगितलं. तिच्यात पर्यावरण, नगरविकास आणि उद्योग या तीन खात्यांचे संचालक आणि प्रदूषण मंडळाचे सदस्य-सचिव, असे चौघे. लोकप्रशासनाच्या दृष्टीने मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात नदीसाठी एक टेबल तयार करायचा प्रयत्न आहे. अधिकरणाचं मध्य क्षेत्राचं खंडपीठ भोपाळलाच असल्याने आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला सुनावण्या बघायला जाणं अवघड नाही. तिथे दाखल होणारे शासनाचे अहवाल वाचायची सवय लावून घ्यावी. इतकी तारीखवार माहिती दुसरीकडे मिळत नाही.

एक गोष्ट मला न्याय्यपणे नोंदवायची आहे. नदीचं काम झालंच नाही असं नाही. नाल्यांत आणि नदीत उघडणारी तोंडं शोधून, घरोघरच्या जोडण्या तपासून ती बंद करण्याचं मोठं काम महानगरपालिकेने केलं आणि २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं शहर, ठरलं. माझ्या नोंदींत स्पष्ट दिसतं की जो भाग पूर्णपणे एका संस्थेच्या हातात होता तो वेगाने झाला, आणि जिथे दोन खात्यांच्या सह्या लागल्या तिथे तो रेंगाळला. प्रबंधाचा निष्कर्ष एवढाच आहे. ऐकायला साधा वाटतो, पण तो फायलींच्या तारखांवरून सिद्ध करून दाखवायला माझी बरीच वर्षं गेली, आणि ती सत्कारणी लागली असं मी मानते.

बाबांचा यात मोठा हात आहे. ते आयुष्यभर लेखा शाखेत होते. मी अर्थसंकल्पाची पुस्तकं घेऊन बसले होते, तर म्हणाले, "अंदाजात काय लिहिलंय ते सोड. दोन वर्षांमागचा प्रत्यक्ष खर्च कुठल्या रकान्यात आहे तो बघ." तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की संस्थेला काय जमतं आणि काय नुसतं म्हणायचं असतं ते कळतं. आमच्या कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर शिकवली, पण महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायला कोणी शिकवलं नाही. ते शिकवायलाच हवं.

दुसरा आनंदाचा भाग म्हणजे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरचा नगररचना अहवाल केला, तो १९१८ चा, दोन खंडांत. मी तो वाचला नदीसाठी. काठ, घाट, बागा यांवर त्यांनी भरभरून लिहिलं आहे. पण मला खिळवून ठेवलं ते त्यांच्या दिवाळीच्या मिरवणुकीच्या हकिगतीने. प्लेगचे दिवस होते. गेडेस यांनी शहरात जाहीर केलं की मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातल्या लोकांनी घरं आणि गल्ल्या सगळ्यात जास्त स्वच्छ केल्या असतील त्या मार्गाने जाईल. मग गावभर साफसफाई. मिरवणुकीत प्लेगचा मोठा उंदीर, घाणीचे राक्षस, आणि सफाई कामगार पांढऱ्या कपड्यांत, हार घातलेले. शंभर वर्षांपूर्वी याच शहरात स्पर्धा लावून, सफाई कामगाराला मान देऊन स्वच्छता घडवायचा प्रयत्न झाला होता. पुढे १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, जी जगभर गेली. इंदुरात या विषयावर काम करणाऱ्याने स्वच्छतेची गोष्ट २०१५ पासून सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. मोडी येत असेल तर होळकरकालीन कागदांत अजून कितीतरी पडलेलं आहे, आणि मराठी घरातल्या मुलांनी ते केलं नाही तर कोण करणार?

बाकी पीएच.डी.ची औपचारिक वाट सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच. प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क, संशोधन समितीपुढे आराखडा, सहामाही प्रगती अहवाल, सादरीकरण, साहित्यचौर्याची तपासणी, परीक्षकांचे अहवाल, मौखिक, आणि प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर. माझ्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे नियम होते, प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. तरीही छापा, कारण परक्या माणसाने आपलं लिखाण तपासणं ही वेगळीच शिस्त आहे. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांची पत्रं येतील. तिकडे बघू नका. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन १९५४ पासून आहे आणि तिचं त्रैमासिक १९५५ पासून निघतं. त्याचे जुने अंक चाळले तरी आपल्या विषयावर आधी काय झालं आहे याचा अंदाज येतो.

आराखड्याच्या वेळी समितीतल्या एकांनी विचारलं, हे पर्यावरणशास्त्र झालं, लोकप्रशासन कुठे आहे? हा प्रश्न पुढे नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीतही आला. मी तेव्हा दिलेलं उत्तर आजही तेच देते: पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) किती आहे ते रसायनशास्त्र सांगेल, तो आकडा कोणाच्या टेबलावर जातो, तिथे किती दिवस राहतो आणि त्यानंतर काय होतं, हे सांगायला लोकप्रशासन लागतं.

आता नोकरीचं. गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मध्य प्रदेशात लोकप्रशासनाचे स्वतंत्र विभाग फार थोडे आहेत. बहुतेक जागा राज्यशास्त्राच्या नावाने निघतात. त्यामुळे जाहिरातीत कोणते विषय पात्र धरले आहेत ती ओळ आधी वाचायची. लोकसेवा आयोगाची सहायक प्राध्यापक परीक्षा वर्षानुवर्षं होत नाही, आणि झाली तरी निकाल आणि नेमणूक यांत काळ जातो. मधल्या काळात बहुतेकांचं होतं तेच माझं झालं, अतिथी विद्वान. मानधन कामाच्या दिवसांवर, सुट्ट्यांत शून्य, आणि दर सत्रात आपली जागा राहील की नाही याची धाकधूक. त्याच वर्गात, तोच अभ्यासक्रम, तेवढीच उत्तरपत्रिका तपासणी, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या कायम प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७००. माझ्याबरोबरचे काही अतिशय चांगले शिक्षक या काळात विषय सोडून गेले. हे नुकसान कोणाच्या हिशेबात धरलं जात नाही, आणि ते फार मोठं आहे.

मला त्या काळात तग धरता आला तो दोन कारणांनी. घर इंदुरात होतं, भाडं नव्हतं. आणि क्षेत्रकामामुळे संशोधन प्रकल्पांत काम मिळत गेलं. शहरी संस्थांवर काम करणाऱ्या संशोधन केंद्रांना फाइल वाचता येणारा, अंदाजपत्रक समजणारा आणि हिंदी-मराठीत गल्लीत जाऊन बोलू शकणारा माणूस हवा असतो. तशी माणसं कमी आहेत. तेव्हा 'नोकरी कुठे' याचं माझं उत्तर असं: कायम प्राध्यापकी एवढंच लक्ष्य ठेवलंत तर वाट अरुंद आहे. प्रकल्प, महापालिकांचं प्रशिक्षण, लेखापरीक्षण, अधिकरणासमोरच्या प्रकरणांसाठी अभ्यास, हे सगळं धरलं तर जगता येतं. मला पुढे एका महाविद्यालयात कायम जागा मिळाली, पण ती प्रबंधानंतर लगेच मिळालेली नाही, आणि आईवडिलांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांचे जुने विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले ते विचारा. मुलींना आणखी एक सांगते. पहाटेचं क्षेत्रकाम, संध्याकाळी उशिरा मिळणाऱ्या मुलाखती, नदीकाठची निर्जन जागा, यासाठी घरच्यांशी आधीच स्पष्ट बोलून ठेवावं. माझ्याबरोबर बरेचदा चुलतभाऊ यायचा. नंतर दरोगा आणि गाडीवरच्या बायाच माझी काळजी घ्यायला लागल्या. एखादी सकाळ चुकली तर त्यांचाच फोन यायचा. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांची नावं पहिली आहेत. त्यासाठी त्यांची परवानगी घेतली होती. तक्रारींबद्दल त्या जे बोलल्या ते मात्र प्रबंधात नावाशिवाय आहे. हा फरक संशोधकाने काटेकोर पाळायचा असतो, कारण आपण पदवी घेऊन निघून जातो आणि त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच हजेरीला उभं राहायचं असतं.

सध्या मी नर्मदेच्या पाण्यावर काम करते आहे. १९७० च्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदपासून विंध्याचा चढ चढवून पाणी वर आणायचं, म्हणजे आपल्या नळातल्या पाण्याची किंमत बरीचशी विजेची किंमत आहे. ते बिल कमी करायला महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले आणि जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प घेतला. कर्ज शहराचं, पंप शहराचे, वीज मात्र वितरण कंपनीच्या तारांतून, दर नियामक आयोगाचे, आणि पाणी नदीचं. विजेची बिलं, रोख्यांची कागदपत्रं आणि आयोगाचे आदेश अशा तीन थप्प्या टेबलावर आहेत, आणि पहिल्या थप्पीचं वाचन चालू आहे.